चार वर्षं ठेवायला परवडणारी रेड वाइन?

लग्नाच्या पंचविशीला उघडायचीय. बजेट हजार-बाराशे. नाशिकहून काय आणू?

> सुलाची दिंडोरी रिझर्व शिराझ बघा, नाहीतर ग्रोव्हरची ला रिझर्व. दोन्ही ओकच्या लाकडी पिंपात मुरलेल्या. शेनिन ब्लांक ही व्हाइट वाइन मात्र साठवू नका, यंदाच संपवा.

> आधी जागा बघा हो! मी दोन शिराझ माळ्यावर ठेवल्या, वर पत्रा. मे महिन्यात बूच अर्धा इंच वर आलेलं, लेबलावर जांभळा ओघळ. चव मनुकांच्या काढ्याची. बायकोने मटणात ओतली, मटणही गेलं.

मग फ्रिजमध्ये?

> चार वर्षं नको, कोरड्या हवेत बूच सुकतं. 12-15 अंशांचा वाइन कूलर कुणाचा मिळतोय का बघा. बाटली आडवी. आणि तीन घ्या, एक मध्येच उघडून बघायला.