आशाबाईंवरचं गाणं साठाव्या नंबरावर: दोष गाण्याचा की चार्टचा?

तबकडीवाला

ऑगस्ट १९९७. ब्रिटनच्या सिंगल्स चार्टवर (सुट्या विकल्या जाणाऱ्या गाण्यांच्या, म्हणजे सिंगल्सच्या, आठवड्याच्या खपाची यादी) कॉर्नरशॉप या बँडचं 'ब्रिमफुल ऑफ आशा' साठाव्या क्रमांकापर्यंत पोचलं आणि गायब झालं. यातली आशा म्हणजे आपल्या आशा भोसले. लताबाई आणि रफीसाहेबांचीही नावं गाण्यात येतात. सहाएक महिन्यांनी नॉर्मन कुकनं (फॅटबॉय स्लिम म्हणून ओळखतात तो) त्याचा रीमिक्स केला आणि फेब्रुवारी १९९८ मध्ये हेच गाणं थेट पहिल्या नंबरावर उतरलं. सांगलीत जन्मलेल्या गायिकेवरचं गाणं इंग्लंडात नंबर एक! आपल्याकडे त्याची म्हणावी तशी चर्चा झालीच नाही.

पण मुद्दा वेगळा आहे. जुन्या चार्टच्या याद्या चाळताना मला वरच्या दहापेक्षा तळातली गाणी जास्त खुणावतात. पन्नासच्या खाली रेंगाळलेली, शंभरात न आलेली. आणि दरवेळी वाटतं, हा आकडा गाण्याचा नाहीच. तो दुकानाचा, कंपनीचा, नियमाचा आहे.

लुई आर्मस्ट्राँगचं 'व्हॉट अ वंडरफुल वर्ल्ड' घ्या. १९६८ मध्ये ब्रिटनमध्ये पहिला नंबर, तेव्हा लुई ६६ वर्षांचा. अमेरिकेत मात्र हजारभर प्रतीही खपल्या नाहीत असं सांगतात, कारण एबीसी रेकॉर्ड्सच्या अध्यक्षाला, लॅरी न्यूटनला, गाणं आवडलं नाही आणि त्यानं जाहिरातीवर पैसा घालायला नकार दिला. पुढं 'गुड मॉर्निंग, व्हिएतनाम' या सिनेमात ते वाजलं आणि १९८८ मध्ये अमेरिकेत ३२ व्या क्रमांकावर आलं. लुई जाऊन सतरा वर्षं झाली होती.

किंवा बीटल्स. 'फ्रॉम मी टू यू' १९६३ मध्ये ब्रिटनमध्ये सात आठवडे पहिलं. अमेरिकेत ११६. म्हणजे बिलबोर्ड मासिकाच्या हॉट १०० या मुख्य यादीत नाहीच. बिलबोर्डच्या 'बबलिंग अंडर' या उंबरठ्याबाहेरच्या यादीत. तेच गाणं डेल शॅननने गायलं ते ७७ पर्यंत गेलं. लेनन-मॅकार्टनी जोडीचं हॉट १०० मधलं पहिलं गाणं दुसऱ्याच्याच आवाजातलं! 'शी लव्हज यू' तर सप्टेंबर १९६३ मध्ये अमेरिकेत आलं तेव्हा कुणी ढुंकून पाहिलं नाही, आणि मार्च १९६४ मध्ये पहिल्या नंबरावर. एक सूरही बदलला नव्हता.

खालचा नंबर म्हणजे कमी प्रतीचं गाणं, असं मानणाऱ्यांनी उत्तर द्यावं.

खडूस श्रोता

देतो. धाग्याशी पूर्ण असहमत.

पहिली गोष्ट, 'ब्रिमफुल'चं उदाहरण तुमच्याच अंगावर येतं. साठावर आलेलं गाणं आणि पहिलं आलेलं गाणं एक नाही. मूळ गाणं संथ, गिटारच्या एकाच वळणावर घोटाळणारं. कुकनं वेग वाढवला, खाली दणदणीत ताल टाकला. लोकांनी दोन्ही ऐकून एक निवडलं. यात अन्याय कुठं झाला?

दुसरी, तुम्ही फक्त काळात टिकलेली गाणी मोजताय. दर आठवड्याला यादीच्या तळाशी जी गाणी असतात, त्यांतली बहुतेक तिथंच असायच्या लायकीची असतात. त्यांच्यावर कुणी धागा काढत नाही. हजार गाळातली पाच रत्नं दाखवून गाळच चुकीचा म्हणायचं हा कुठला न्याय?

आणि चार्ट 'चांगलं काय' हे सांगतो असं म्हटलंय कुणी? त्या आठवड्यात किती खपलं एवढंच तो सांगतो.

बी साइड

मूळ 'ब्रिमफुल' लोकांनी नाकारलं हे अर्धसत्य आहे. रेडिओ निवेदक जॉन पील बीबीसीवर दर वर्षअखेरीस श्रोत्यांच्या मतांवर 'फेस्टिव्ह फिफ्टी' करायचा. १९९७ च्या यादीत पहिलं गाणं हेच होतं, आणि तेव्हा कुकचा रीमिक्स सिंगल म्हणून बाजारात यायचा होता.

खडूस श्रोता

पीलचे श्रोते म्हणजे ब्रिटन नव्हे हो. रात्री उशिरा जागून विचित्र काहीतरी ऐकणारी मंडळी ती. मीही त्यातलाच झालो असतो, ते सोडा.

रेडिओकाका

'किती खपलं एवढंच सांगतो' हे खडूसरावांचं वाक्य तपासून बघू. ब्रिटनचा पहिला चार्ट १४ नोव्हेंबर १९५२ चा, 'न्यू म्युझिकल एक्सप्रेस'मध्ये छापलेला. तो कसा बनला? पर्सी डिकिन्स या गृहस्थांनी वीसेक दुकानांना फोन लावून विचारलं, काय खपतंय. झाला चार्ट. टॉप १२ म्हणायचं आणि गाणी पंधरा, कारण काही बरोबरीत. (त्यानंतर तीनच आठवड्यांत रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला सुरू झाली. आमच्या पिढीला अमीन सायानींच्या 'पायदान'शी कर्तव्य, पर्सीशी नाही.)

अमेरिकेत हा फोनाफोनीचा कारभार १९९१ पर्यंत चालला. दुकानदार नेमक्या प्रती सांगत नसत, नुसता क्रम सांगत. म्हणजे काउंटरवरच्या पोराला काय आवडतं, कुठल्या कंपनीचा माणूस काल फुकट रेकॉर्ड्स देऊन गेला, सगळं त्यात मिसळलेलं. मे १९९१ मध्ये आल्बमच्या चार्टसाठी साउंडस्कॅन आलं, बारकोडवरून थेट मोजणी. लगेच काय झालं बघा. जूनमध्ये एन.डब्ल्यू.ए. या रॅप गटाचा आल्बम पहिल्या नंबरावर. सप्टेंबरमध्ये गार्थ ब्रूक्सचा कंट्री आल्बम आल्याआल्या पहिला, कंट्रीत असं आधी कधीच झालं नव्हतं. लोकांची आवड एका उन्हाळ्यात बदलली? ते आधीपासून घेतच होते, दुकानदार सांगत नव्हते.

सिंगल्सच्या हॉट १०० ला ही मोजणी नोव्हेंबर १९९१ मध्ये लागू झाली. म्हणजे १९५८ ते १९९१ मधल्या प्रत्येक 'नंबर ७३'कडे जरा संशयानंच बघायचं.

खडूस श्रोता

काका, हा मुद्दा बिनतोड. पण तो चार्टच्या बाजूनंच जातो. मोजमाप सुधारलं तसा चार्ट सुधारला. फुटपट्टी वाकडी होती म्हणून लांबी नावाची गोष्टच खोटी ठरत नाही.

न्यूजर्सीकर

मोजमाप सुधारल्यावरचा किस्सा ऐका मग. आमच्याकडे अमेरिकेत नव्वदच्या दशकात नियम असा होता की, दुकानात सुटं सिंगल विकायला नसेल तर गाणं हॉट १०० मध्ये येणारच नाही. रेडिओवर दिवसभर वाजत असलं तरी. नो डाउट या बँडचं 'डोन्ट स्पीक' रेडिओच्या यादीत सोळा आठवडे पहिलं, आणि हॉट १०० मध्ये त्याचं नावच नाही! डिसेंबर १९९८ मध्ये नियम बदलला. तोवर नताली इम्ब्रुलियाचं 'टॉर्न' रेडिओवर अकरा आठवडे पहिलं राहून उताराला लागलं होतं. म्हणून हॉट १०० मधला त्याचा सर्वोच्च क्रमांक ४२. त्या वर्षी अमेरिकेत गाडीत रेडिओ लावणाऱ्या कुणालाही विचारा हे गाणं ४२ वं होतं का. हसेल तुम्हाला. क्विझमध्ये मात्र ४२ च उत्तर बरोबर धरतात.

मराया केरीच्या ख्रिसमसच्या गाण्याचंही तेच. १९९४ मध्ये अमेरिकेत सिंगल काढलंच नाही, म्हणून तेव्हा चार्टबाहेर. पहिला नंबर मिळाला डिसेंबर २०१९ मध्ये.

खडूस श्रोता

सिंगल का काढलं नाही, तेही सांगा की. एका गाण्यासाठी गिऱ्हाइकानं अख्खी सीडी घ्यावी म्हणून! कंपन्यांनी हिशेब करून नंबर सोडला आणि पैसा घेतला. त्याला आपण पंचवीस वर्षांनी 'अन्याय' म्हणून उसासे टाकतोय.

तबकडीवाला

अहो, मी तेच म्हणतोय पहिल्यापासून! कंपनीच्या हिशेबानं नंबर ठरला, गाण्यानं नाही.

टीना टर्नरचं 'रिव्हर डीप, माउंटन हाय' पण घ्या. १९६६. ब्रिटनमध्ये तिसरं, अमेरिकेत ८८. तेव्हा सांगितलं जाणारं कारण असं की, गोऱ्यांच्या स्टेशनांना ते फार काळं वाटलं आणि काळ्यांच्या स्टेशनांना फार गोरं. दोघांनीही वाजवलं नाही. निर्माता फिल स्पेक्टर इतका दुखावला की त्यानं जवळजवळ दुकानच बंद केलं. ८८ हा आकडा त्या गाण्याबद्दल सांगतो की त्या देशाच्या रेडिओबद्दल?

पाचगणीची हवा

आमच्या गावात शिकलेल्या मुलाचं नाव अजून कसं नाही आलं? सेंट पीटर्सचा विद्यार्थी, पुढं फ्रेडी मर्क्युरी. 'डोन्ट स्टॉप मी नाऊ' १९७९ मध्ये ब्रिटनमध्ये नववं, अमेरिकेत ८६. आज क्वीनचं नाव काढलं की पहिल्या दोन-तीनात हे गाणं येतं. आणि त्यांचं पहिलंवहिलं सिंगल, 'कीप युअरसेल्फ अलाइव्ह', दोन्ही देशांत चार्टवर आलंच नाही.

आकडेमोड

मुळात 'नंबर' कुठल्या चार्टचा, ते तरी ठरवा. बीटल्सचं 'प्लीज प्लीज मी' १९६३ मध्ये ब्रिटनमध्ये कितवं होतं? 'एनएमई' (म्हणजे वर आलेलं 'न्यू म्युझिकल एक्सप्रेस') आणि 'मेलडी मेकर' ही नियतकालिकं म्हणतात पहिलं. 'रेकॉर्ड रिटेलर' म्हणतं दुसरं. त्या काळी सर्वमान्य असा एक चार्ट नव्हता, तो फेब्रुवारी १९६९ मध्ये आला. पुढं १९७७ मध्ये गिनेसनं हिट सिंगल्सचं जाडजूड पुस्तक काढताना १९६० पासूनच्या काळासाठी 'रेकॉर्ड रिटेलर' धरला आणि झालं, गाणं कायमचं दुसरं. २००० साली आलेल्या बीटल्सच्या '१' या संग्रहात ते नाही ते याच पायी.

अवांतर: १९६७ मध्ये बीटल्सच्याच 'पेनी लेन / स्ट्रॉबेरी फील्ड्स'ला दुसऱ्या नंबरावर रोखणारा गायक एंगलबर्ट हम्परडिंक मद्रासमध्ये जन्मलेला.

खडूस श्रोता

चर्चा छान चालली आहे, पण सगळी उदाहरणं एकाच जातीची आहेत: लोकांनी गाणं ऐकलंच नव्हतं. ऐकलं नाही तर विकत कसं घेणार? रेडिओहेड या बँडचं 'क्रीप' ब्रिटनमध्ये १९९२ मध्ये ७८, पुढच्या वर्षी पुन्हा काढलं तर ७. मधल्या काळात ते इस्रायलमध्ये आणि अमेरिकेत गाजलं होतं. क्वीनचं 'बोहेमियन रॅप्सडी' १९९२ मध्ये अमेरिकेत पुन्हा वर आलं ते 'वेन्स वर्ल्ड' या सिनेमामुळे. तुमचा लुईही सिनेमामुळेच.

माझं आव्हान असं. रेकॉर्ड कंपनी मोठी, गायक नावाजलेला, गाणं टीव्हीवर झालेलं, लोकांनी कानांनी ऐकलेलं, तरी घेतलं नाही. आणि तेच ध्वनिमुद्रण, रीमिक्स नव्हे, आज थोर मानलं जातं. असं एक दाखवा.

बी साइड

'द लाज' या बँडचं 'देअर शी गोज'. ब्रिटनमध्ये १९८८ मध्ये ५९, १९९० मध्ये १३.

खडूस श्रोता

१९९० चं मिक्स वेगळं होतं. बाद. शिवाय १९८८ मध्ये त्यांना ओळखत कोण होतं?

नवी पोर

मी केट बुशचं 'रनिंग अप दॅट हिल' 'स्ट्रेंजर थिंग्ज' या मालिकेतच पहिल्यांदा ऐकलं. अमेरिकेत १९८५ मध्ये ३० वं, २०२२ मध्ये तिसरं. ब्रिटनमध्ये तर पहिलं. तुमच्या अटीत बसत नाही बहुतेक, पण सांगावंसं वाटलं.

तबकडीवाला

आव्हान स्वीकारलं. डेव्हिड बोवी, 'हीरोज', १९७७. कंपनी आरसीए, लहान नव्हे. बोवी तेव्हा नवखा नव्हता, ब्रिटन-अमेरिका दोन्हीकडे त्याची पहिल्या नंबरची गाणी होऊन गेली होती. 'टॉप ऑफ द पॉप्स' या टीव्ही कार्यक्रमात येऊन गायला. जर्मन आणि फ्रेंचमध्येसुद्धा गाऊन ठेवलं. एवढं करून ब्रिटनमध्ये २४. अमेरिकेत हॉट १०० मध्ये प्रवेशच नाही. आणि आज? त्याचं सर्वोत्तम गाणं कुठलं म्हणून विचारा, निम्मे लोक हेच सांगतील.

आता बोला.

खडूस श्रोता

उदाहरण चांगलं आहे, मान्य. पण १९७७ च्या श्रोत्यानं जे ऐकलं, ते आपण ऐकतच नाही. आपण ऐकतो त्यात १९८५ ची 'लाइव्ह एड' मैफल आहे, १९८७ मध्ये त्यानं बर्लिनच्या भिंतीलगत केलेला कार्यक्रम आहे, दोन वर्षांनी पडलेली भिंत आहे, २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये याच गाण्यावर मैदानात आलेला ब्रिटिश संघ आहे. हे सगळं त्या तबकडीत नव्हतं, नंतर चिकटलं. सहा मिनिटांचं गाणं कापून साडेतीन मिनिटांचं केलेलं ते सिंगल होतं. त्या सिंगलला २४ हा नंबर मला फार चुकलेला वाटत नाही.

रेडिओकाका

कापाकापीचा मुद्दा घ्यायलाच हवा. मोठं गाणं कापलं की त्याचा चढ हरवतो. 'हीरोज'मध्ये बोवीचा आवाज शेवटी जिथं फाटेस्तोवर चढतो, तिथवर पोचायला आधीची मिनिटं लागतात.

तबकडीवाला

नंतर चिकटलं म्हणता, तर ते याच गाण्याला का चिकटलं? त्या वर्षी २४ च्या वर तेवीस गाणी होती दर आठवड्याला. त्यांतलं एकही ऑलिंपिकवाल्यांना का नाही आठवलं? आणि जानेवारी २०१६ मध्ये बोवी गेला, तेव्हा लोकांनी पुन्हा चार्टवर नेलेल्या त्याच्या जुन्या गाण्यांत सगळ्यात वर कोण होतं? 'हीरोज'च. बारावं.

खडूस श्रोता

बारावं! दुकान नाही, कंपनीचा हिशेब नाही, सिंगल काढलंय की नाही हा नियम नाही. बोटानं दाबलं की गाणं सुरू. सगळं जग हळहळतंय. तरीही बारा. १९७७ चे दुकानदार एवढे काही चुकले नव्हते.

आकडेमोड

त्याच आठवड्यात टॉप ४० मध्ये बोवीची इतरही जुनी गाणी होती. मतं फुटली, खडूसराव. एकट्या 'हीरोज'चा आकडा काढून भागायचं नाही.