बाबांवर भर पुलावर ओरडले, आता ते घरात परवानगी मागत फिरतात

गोदाकाठची:
मंडळी, आज पाककृती नाही आणि पोराच्या बारावीचं रडगाणंही नाही. जरा मन मोकळं करायचंय. घरात कुणाशी बोलायची सोय नाही, विषयच घरातला आहे.

आई जाऊन आठ महिने झाले. बाबा (वय ७४) नाशिकमधलंच पंचवटीतलं घर बंद करून आमच्याकडे इंदिरानगरला राहायला आलेत. गेल्या आठवड्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं. सकाळी नऊला "खाली जाऊन येतो" म्हणून गेले, ते साडेबारा वाजले तरी पत्ता नाही. मोबाईल उशीखाली वाजतोय, बाहेर धो धो पाऊस. बाग, देऊळ, वाचनालय सगळं पालथं घातलं. मग एकदम डोक्यात आलं आणि स्कूटी थेट गोदावरीवरच्या होळकर पुलाकडे घेतली. कठड्याला टेकून उभे होते, नखशिखांत भिजलेले. काखेत आईची जांभळी छत्री. मिटलेली!

आणि मी ओरडले. पोरावर ओरडते तशी. "काही अक्कल? सांगून निघायची पद्धत आहे की नाही?" पूर सोडून लोक माझ्याकडे बघायला लागले. बाबा एक शब्द बोलले नाहीत, गुपचूप मागे बसले.

तेव्हापासून विचारतात. "चहा घेऊ का?" "टीव्ही लावू का?" काल गिझर लावायला विचारलं. एसटीत वाहतूक नियंत्रक होते हो ते, अख्खं स्टँड यांच्या आवाजावर हलायचं.

सिडकोची_सून:
अगं, माफी मागितलीस का? एवढं सगळं लिहिलंस, ते तेवढं नाही लिहिलं.

पुणेकर_भाऊ:
ताई, वाईट वाटून घेऊ नका, काळजीपोटीच ओरडलात. पण एक कळेना, भर पावसात पूर बघायला जाण्यासारखं काय आहे त्यात?

रविवार_कारंजा:
भाऊ, हे नाशिककरालाच कळायचं. आमच्याकडे पूर मोजायला दुतोंड्या मारुतीची मूर्ती आहे, गोदावरीत रामकुंडाजवळ. क्युसेकचे आकडे पेपरात येतात, पण गावात प्रश्न एकच: मारुतीच्या कुठवर आलं? कमरेला, छातीला, गळ्याला. डोक्यावरून गेलं की सराफ बाजारातले लोक माल वर चढवायला लागतात. सरकारवाड्याच्या पायऱ्यांना पाणी लागलं की मोठा पूर. नारोशंकर मंदिराच्या घंटेची गोष्ट तर निराळीच. २००८ आणि २०१९ आम्ही पाहिले, पण जुनी माणसं अजून १९६९ चंच सांगतात. ताई, तुमचे बाबा तेव्हा १८-१९ चे असतील. ते पूर बघायला गेले नव्हते, घरी गेले होते.

नाशिकरोडची_मावशी:
पोरी, सासूबाई गेल्या तेव्हा माझे सासरे असेच विचारून विचारून जेवायचे. मी तर ओरडलेही नव्हते. लेकीच्या घरी बापाला तसंही पाहुण्यासारखंच वाटतं, त्यात तू बोललीस. त्यांना एखादं काम दे, तेही खरं काम. आमच्याकडे दूध आणि गॅसचा नंबर लावणं सासऱ्यांकडे होतं. त्यात मी नाक खुपसलं तर मलाच ओरडायचे, मग माझा जीव भांड्यात पडायचा.

खिशात तुझा नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेव, मोबाईल विसरणारच ते. आणि जेवण तुटलं, झोप उडाली, "आता जगून काय करू" अशी भाषा आली, तर थांबू नकोस. १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या मदतीचा सरकारी नंबर आहे, फुकट, रात्रीही उचलतात. तू स्वतःसाठीही लावू शकतेस. आई तुझीही गेलीये.

ता. क. पोराला किती पडले ते सांगितलंच नाहीस.

गोदाकाठची:
मावशी, तुमचं शेवटून दुसरं वाक्य वाचून ओट्यापाशी उभी राहून रडले. (पोराला ७१ टक्के. त्यावर नंतर वेगळं रडू.)

सिडको, नव्हती मागितली. म्हटलं, विषय उकरून कशाला काढायचा. आज दुपारी ते कोथिंबीर निवडत होते, तीही "निवडू का?" विचारूनच घेतलेली. समोर बसले आणि सरळ म्हटलं, "बाबा, त्या दिवशी चुकलं माझं. घाबरले होते." ते काड्या बाजूला करत राहिले. मग म्हणाले, "साडेतीन तास म्हणजे जास्तच झालं."

मग मी विचारलं, पाणी कुठवर होतं?

त्यांनी मान वर केली. "छातीला. पक्कं छातीला. तुझी आई असती तर गळ्याला म्हणाली असती. दरवर्षी एक माप चढवूनच सांगायची, आणि मग दिवसभर वाद."

पुढचा अर्धा तास १९६९. मी मध्ये बोलले नाही. बोलता बोलता उठले आणि न विचारता चहा टाकला. साखर जरा जास्तच झाली होती.

बरं, पळते, कुकरची तिसरी शिट्टी झाली.