प्लग काढला तरी भार उरतो
प्लग काढल्यावर टीव्हीत वीज उरत नाही आणि आत पाणी गेलेच तर उरलासुरला विद्युतभार वाहून जातो, असे काही जण म्हणतात. दोन्ही विधाने धोकादायक आहेत. जुन्या रंगीत टीव्हीच्या पिक्चर ट्यूबमध्ये काचेच्या आतबाहेरचे वाहक थर मिळून कपॅसिटरच (विद्युतभार साठवणारा घटक) तयार होतो, त्यावर 20,000 व्होल्टहून अधिक दाब असतो आणि रबरी टोपीखालच्या जोडणीपाशी तो भार प्लग काढल्यावरही कित्येक तास, प्रसंगी काही दिवस टिकू शकतो. सपाट टीव्हीतील पॉवर सप्लायच्या मोठ्या कपॅसिटरवरचा भार सहसा लवकर उतरतो, पण त्यावर विसंबू नये. नळाच्या पाण्यातील क्षारांमुळे वीज नको त्या वाटेने वाहते, शिवाय ओल्या त्वचेचा विजेला होणारा रोधही बराच घटतो. भिजलेला संच कृपया घरी उघडू नका.