परदेशात असताना बँकेचा ओटीपी कसा मिळायचा? अनुभव लिहा

कृष्णाकाठ
काल मिरजेच्या घरी कपाट आवरताना बाबांचा जुना नोकिया सापडला, बारीक पिनवाला. त्याच्याखाली २०१४ चं कालनिर्णय. तारखांच्या चौकोनांत पेन्सिलीने सहा-सहा आकडे, बाजूला वेळ. मिनिटभर कळेना हे काय, मग एकदम आठवलं, हे तर माझे ओटीपी! मी तेव्हा श्टुटगार्टला, आणि माझं इथलं सिम बाबांकडे या फोनमध्ये. शैक्षणिक कर्जाचा हप्ता भरायला मी संध्याकाळी सातला बसायचो, उन्हाळा असला की इकडे साडेदहा वाजलेले. बाबा टेलिफोन खात्यातून रिटायर झालेले, त्यामुळे आकडे सांगायची पद्धत ठरलेली. एकेक आकडा सुटा, तीन झाले की थांबणार, "म्हण." मी म्हणून दाखवल्याशिवाय पुढचे तीन मिळायचे नाहीत. मग "जेवलास का". दोघेही कमी बोलणारे, महिन्यातून तेवढंच बोलणं व्हायचं. बाबांना जाऊन आता तीन वर्षं होतील. तुमच्याकडे कोण वाचून दाखवायचं?

सोनटक्का
वाचून डोळे भरून आले. आमच्याकडे आई. मी डॅलसला, तिला वाचता यायचं पण घाई झाली की गडबडायची म्हणून स्क्रीनचा फोटो काढून पाठव म्हटलं तर दुसऱ्या फोनने काढलेल्या फोटोत शेवटच्या आकड्यावर नेमका अंगठा 😄 परत पाठवेपर्यंत मुदत संपलेली, परत नवीन. माझी दुपार म्हणजे तिची मध्यरात्र, तरी कधी कुरकुर नाही.

डेकवरून
मी मर्चंट नेव्हीत. समुद्रात मोबाईलला रेंजच नसते, त्यामुळे विम्याचा हप्ता असो की कार्ड, सगळं बंदरात गेल्यावर. रॉटरडॅमला शिरताना फोनला रेंज आली आणि एका दमात पंधरा-वीस मेसेज, त्यात नऊ दिवसांपूर्वीचे तीन ओटीपी आणि दिवाळीच्या शुभेच्छा. आता बायकोला जॉइंट अकाउंटवर घेतलंय, ती तिच्या नंबरवर करते सगळं. नवीन पोरांना हेच सांगतो, जहाजावर चढायच्या आधी हे करून घ्या.

मस्कतकर
अहो इनकमिंग एसएमएसला आपल्या सिमवर रोमिंगमध्ये पैसे पडत नाहीत, फक्त सिम जिवंत पाहिजे. ड्युअल सिम फोन घ्या, दुसऱ्या खाच्यात भारतातलं सिम, रोमिंग चालू आणि त्या सिमचा डेटा बंद, निघण्याआधीच रोमिंग सुरू करून घ्या, तिकडे जाऊन सुरू करायला बसलात की त्याच्यासाठीसुद्धा ओटीपी येतो. रिचार्जची तारीख फोनच्या कॅलेंडरला लावा. आणि एनआरई/एनआरओ (परदेशात राहणाऱ्या भारतीयांचं) खातं असेल तर जानेवारी २०२३ पासून ओमान, यूएई, अमेरिका, यूके, सिंगापूर धरून दहा देशांच्या नंबरवर यूपीआयची परवानगी मिळाली, आपल्या बँकेत चालतं का विचारा.

पिठलंभाकरी
रिचार्जचं मस्कतकर म्हणतात ते अगदी खरं. मी मेलबर्नला, २०१८ मध्ये बाळंतपणाच्या धावपळीत विसरले. नव्वद दिवस वापर नाही, बॅलन्स नाही, नंबर गेला. काही महिन्यांनी लावून बघितला तर एका गृहस्थांनी उचलला. म्हणाले, ताई तुमच्या बँकेचे मेसेज मला येतात, मी उघडत पण नाही, पण नंबर बदलून घ्या लवकर. देवमाणूस! आधारला तोच नंबर होता आणि तेव्हा तो बदलायला स्वतः केंद्रात जावं लागायचं. बाळाला घेऊन नाशिकला आले तेव्हा रांगेत उभी राहिले, तोवर बँकेचं सगळं अडलेलं.

आंबेहळद
@कृष्णाकाठ मिरजेत कुठे? माझं माहेर किल्ला भागात.

कृष्णाकाठ
@आंबेहळद ब्राह्मणपुरी. सतारमेकर गल्ली जवळच, सुटीत तिथे भोपळे वाळत घातलेले बघत बसायचो.

आंबेहळद
अय्या, म्हणजे शेजारीच की! बरं माझा अनुभव. मी टोरांटोला, बाबांना पुण्यात रात्री अ‍ॅडमिट केलं, हॉस्पिटलला पन्नास हजार डिपॉझिट हवं. माझ्या खात्यात पैसे आहेत पण ओटीपी येईना. फोन बंद-चालू केला, सिम काढून घातलं, खिडकीत उभी राहिले, चार वेळा "पुन्हा पाठवा" दाबलं आणि खातं चोवीस तासांसाठी लॉक झालं. शेवटी शेजारच्या काकूंनी स्वतःचं कार्ड दिलं. पैसे दोन दिवसांत परत केले, पण रात्री दीडला त्या उठून रिक्षाने गेल्या ते कसं फेडणार. बाबा आता बरे आहेत.

सोनटक्का
काकूंना माझाही नमस्कार सांगा 🙏

गवतीचहा
सुटीवर येऊन ई-सिम करून घेणार असाल तर निघायच्या दिवशी करू नका. सिम बदललं की चोवीस तास एसएमएस बंद ठेवतात, सिम स्वॅपची फसवणूक (आपल्या नंबरचं सिम भलत्यानेच काढून घेणं) होऊ नये म्हणून. मी विमानतळावर जाता जाता केलं आणि दोह्यात अडकले.

जुनाजाणता
अमेरिकावाल्यांनी हेही बघा, तिकडे २०२२ मध्ये थ्रीजी बंद झालं. माझ्या जुन्या हँडसेटला रोमिंगमध्ये फोरजीवर कॉल-मेसेज चालेना, मी वर्षभर बँकेला बोल लावत होतो. नवीन हँडसेट घेतला, दुसऱ्या मिनिटाला ओटीपी.

चिंचगूळ
थोडं वेगळं लिहिते, राग मानू नका. फोनवर आकडे वाचून द्यायची सवय आमच्या आईला आम्ही दोघा भावंडांनीच लावली. आठ वर्षं ती दादाला आकडे सांगत होती. मग एका दुपारी "तुमच्या मुलाच्या बँकेतून बोलतोय, त्याचं काम अडलंय" म्हणून फोन आला, हिने नेहमीसारखे सांगितले. एक लाख ऐंशी हजार. सुदैवाने शेजारच्या मुलाने लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावून दिला, थोडी रक्कम अडवता आली, बाकी गेली. पैशापेक्षा आई खचली ते वाईट, महिनाभर फोनच उचलत नव्हती. आता दादाने त्याचं सिम स्वतःकडे घेतलंय आणि घरात एक शब्द ठरवलाय, तो म्हटल्याशिवाय आई कुणालाही काही सांगत नाही, आम्हालासुद्धा.

मस्कतकर
राग कसला, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. रिझर्व्ह बँकेच्या नव्या नियमांत १ एप्रिल २०२६ पासून दुसरी खात्री एसएमएसनेच हवी असं नाही, अ‍ॅप किंवा बोटाच्या ठशानेही चालतं. बँकेने तशी सोय दिली असेल तर घ्या.

पिठलंभाकरी
इन्कम टॅक्स रिटर्नचं कुणी लिहिलं नाही! ई-व्हेरिफाय तीस दिवसांत करावं लागतं आणि आधारचा ओटीपी येत नसेल तर नेटबँकिंगने होतं. मी एका वर्षी फॉर्मवर सही करून बेंगळुरूला पोस्टाने पाठवला.

डेकवरून
@कृष्णाकाठ बाबांचा फोन चालू झाला का?

कृष्णाकाठ
हो, बाजारात बारीक पिनचा चार्जर मिळाला. इनबॉक्समध्ये बँकेचा एकही मेसेज नाही, वापरून झाला की ते पुसून टाकायचे. माझा एक तेवढा ठेवलाय, "हप्ता भरला, झोपा आता".

आंबेहळद
😢 कालनिर्णय जपून ठेवा हो.

सोनटक्का
आईच्या सिमचा रिचार्ज परवा संपतोय, हे वाचता वाचता आत्ता केला.