टाकी वेगळी करा, पण स्पंज जुना घ्या

गोल्डफिशच्या अंगावर पांढरे ठिपके दिसले म्हणून तिला नव्या टाकीत हलवायचं म्हणताय, तर ती टाकी उघडीबोडकीच ठेवा. वाळू, झाडं काही नको. तळ मोकळा असला की विष्ठा लगेच दिसते आणि नळीने ओढून घेता येते. लपायला पीव्हीसी पाइपचा तुकडा पुरे.

खरी गोम फिल्टरची. माझा पहिला आजारी मासा रोगाने नाही, अमोनियाने (माशांच्या घाणीतून पाण्यात साठणाऱ्या विषाने) गेला. कोरा करकरीत स्पंज फिल्टर लावला होता, त्यात अमोनिया पचवणारे बॅक्टेरिया कुठून असणार? तिसऱ्या दिवशी मासा पृष्ठभागावर तोंड आपटत होता आणि मी मात्र औषध वाढवत बसलो. तेव्हापासून एक जादा स्पंज कायम मोठ्या टाकीत पडून असतो; त्यात बॅक्टेरिया वसलेले असतात, गरज पडली की तोच आजारी माशाच्या टाकीत लावतो. तरीही मेथिलीन ब्लूसारखं औषध त्या बॅक्टेरियालाही मारू शकतं, त्यामुळे अमोनिया रोज तपासा आणि पाव हिस्सा पाणी बदला. नवं पाणी क्लोरीन घालवलेलं, त्याच तापमानाचं हवं. जेवढं पाणी बदललं, तेवढ्यापुरतंच औषध पुन्हा घाला. फिल्टरमध्ये कार्बन असेल तर काढा, तो औषध शोषतो.

आणि हो, पांढऱ्या ठिपक्यांत नुसता मासा हलवून भागत नाही. ठिपक्यांतला परजीवी अंगावरून गळून तळाशी एकाचे अनेक होतो, ती पिल्लं पुन्हा मासे शोधत फिरतात. औषध त्या फिरत्या पिल्लांवरच चालतं, म्हणून मोठ्या टाकीतल्या बाकी माशांनाही उपचार लागतील. ठिपके गेले तरी लगेच थांबू नका. जाळी, बादली दोन्हीकडची वेगळी.