सल्ला हवा आहे : १९५९ च्या कॅडिलॅक एल्डोराडोची प्रतिकृती

सागरवेळ :
नमस्कार मंडळी,
येत्या डिसेंबरात माझ्या वडिलांना ७० वर्षे पूर्ण होत आहेत. शाळेत असल्यापासून ते मोटारींच्या चित्रांची कात्रणे जमवत आले आहेत आणि त्या वहीच्या पहिल्याच पानावर १९५९ च्या कॅडिलॅक एल्डोराडो बिआरिट्झ या उघड्या टपाच्या गाडीचे चित्र आहे. खळीने चिकटवलेल्या त्या चित्राच्या कडा आता पिवळ्या पडल्या आहेत. त्याच गाडीची प्रतिकृती त्यांना भेट द्यावी, असे आम्ही भावंडांनी ठरवले आहे. मात्र १:१८, १:२४ आणि १:४३ यांपैकी कोणते प्रमाण निवडावे, साच्यात ओतलेल्या धातूचे डायकास्ट घ्यावे की प्लास्टिकसारखे रेझिन, आणि जुनी प्रतिकृती घ्यायची झाल्यास काय तपासावे, याची आम्हाला काहीच कल्पना नाही. बाबांच्या काचेच्या कपाटाचा कप्पा ३० सेंटिमीटर लांब व २५ सेंटिमीटर खोल आहे. घर रत्नागिरीला आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

चाकोरी :
कप्प्याचे माप दिलेत, हे फार बरे केलेत. मूळ गाडी २२५ इंच, म्हणजे सुमारे ५.७ मीटर लांब होती. त्यामुळे १:१८ मधील प्रतिकृती जवळपास ३२ सेंटिमीटर भरते आणि तुमच्या कप्प्यात ती तिरकी ठेवूनही मावणार नाही. १:२४ मध्ये ती साधारण २४ सेंटिमीटरची होते, तर १:४३ मध्ये जेमतेम १३ सेंटिमीटरची.

रेझिनच्या प्रतिकृतींत पत्र्याच्या कडा आणि खिडक्यांच्या चौकटी फार नाजूक उतरतात, परंतु बहुतेकांची दारे, बॉनेट व डिकी उघडत नाहीत. डायकास्ट ही जस्ताच्या मिश्रधातूची असल्यामुळे तिला हाताला जाणवेल असे वजन असते आणि तिचे भाग उघडतात. ज्या माणसाने इतकी वर्षे या गाडीचे केवळ चित्र पाहिले आहे, त्याला दार उघडून आतली आसने पाहता यावीत, असे मला मनापासून वाटते. म्हणून मी १:२४ मधील डायकास्टच सुचवेन. फ्रँकलिन मिंट या कंपनीने या प्रमाणात ही गाडी काढली होती, पण ती आता जुन्या बाजारातच शोधावी लागेल. वेगळी काचपेटी करून घेण्याची तयारी असेल, तर मायस्टो या कंपनीची १:१८ मधील बिआरिट्झ बरीच कमी किमतीत मिळू शकते, मात्र तिचे बारकावे त्या मानाने साधे आहेत.

कोणतीही घेतलीत तरी आधी मागचे पंख, म्हणजे मागच्या दोन्ही बाजूंना माशाच्या परासारखे उभे असलेले भाग, पाहा. कॅडिलॅकला असे पंख प्रथम १९४८ मध्ये आले. कॅडिलॅक बनवणाऱ्या जनरल मोटर्सचे रचनाप्रमुख हार्ली अर्ल यांच्या विभागाने पी-३८ या लढाऊ विमानाच्या शेपटीवरून ते घेतले होते. पुढे दरवर्षी बदलत गेलेले हे पंख १९५९ मध्ये सर्वांत उंच झाले आणि १९६० मध्ये लगेच खाली आले. म्हणूनच या एका वर्षाच्या गाडीचे सगळे रूप तिथे एकवटले आहे. प्रतिकृती डोळ्यांच्या पातळीवर धरून बाजूने पाहिली असता पंखाची वरची कड मागे चढत जाऊन टोकाशी पातळ व्हायला हवी. स्वस्त साच्यांत ते टोक जाड आणि बोथट येते. प्रत्येक पंखातून बंदुकीच्या गोळीच्या आकाराचे दोन लाल दिवे बाहेर येतात. ते पारदर्शक लाल प्लास्टिकचे आहेत की नुसते रंगवलेले, हेही पाहावे.

मिशिगनकर :
चाकोरी यांच्याशी सहमत आहे. एक भर घालतो. विक्रेते १९५९ च्या कोणत्याही उघड्या कॅडिलॅकला सर्रास एल्डोराडो म्हणतात. त्या वर्षी बिआरिट्झ केवळ १,३२० बनल्या, तर सिरीज ६२ या कॅडिलॅकच्याच साध्या मालिकेतील उघड्या गाड्या ११,००० हून अधिक बनल्या, त्यामुळे सिरीज ६२ च्या प्रतिकृतीही बाजारात आहेत. ओळखण्याची खूण सोपी आहे. बिआरिट्झची रुंद चकचकीत पट्टी दाराखालच्या कडेने मागे जाते, मागच्या पंखाशी वळून वर चढते आणि दाराच्या वरच्या कडेने पुढे येते. सिरीज ६२ ला अंगाच्या मधोमध जाणारी एक बारीक पट्टी असते. तुमच्या वडिलांनी ते चित्र आयुष्यभर पाहिलेले असल्याने हा फरक त्यांच्या नजरेतून सुटणार नाही.

कोकणपट्टी :
रत्नागिरीच्या हवेविषयी लिहिणे मला आवश्यक वाटते. माझ्याकडची एक पांढरी गाडी मी चार पावसाळे मूळ खोक्यातच, पातळ प्लास्टिकच्या कागदात गुंडाळून ठेवली होती. ऑगस्टमध्ये उघडली, तेव्हा तो कागद बॉनेटला चिकटलेला होता आणि सोलून काढल्यावर त्याच्या प्रत्येक सुरकुतीचा ठसा रंगावर उमटलेला दिसला. तो पुसून गेला नाही. प्रतिकृती काचेच्या कपाटातच ठेवा, सिलिका जेलच्या पुड्या पावसाळ्यात बदलत राहा आणि थेट ऊन लागू देऊ नका. मऊ टायरांतील रसायन कालांतराने प्लास्टिकच्या तळफळीत मुरते आणि टायर तिथेच रुततात, म्हणून गाडीचे वजन टायरांवर न येता पोटाखालच्या लहानशा ठोकळ्यावर यावे, अशी सोय करावी.

सागरवेळ :
सर्वांचे मनःपूर्वक आभार. १:२४ मधील एक जुनी प्रतिकृती पाहण्यात आली आहे. बाजूची पट्टी मिशिगनकर यांनी सांगितल्याप्रमाणेच आहे, परंतु विक्रेत्याने फक्त समोरून व बाजूने काढलेली छायाचित्रे दिली आहेत. आणखी कोणती मागावीत?

चाकोरी :
पोटाकडून एक, दोन्ही दारे उघडून एक, आणि मागील बंपर व पंख यांचे अगदी जवळून एक. जस्तात शिशाची भेसळ असेल, तर दमट हवेत धातू आतून कुजतो. बिजागरीजवळ केसासारख्या भेगा, रंगाखाली फुगलेले बारीक फोड किंवा न बसणारे दार, यांपैकी काहीही दिसल्यास व्यवहार सोडून द्यावा, कारण त्यावर दुरुस्ती नाही. पुढच्या काचेच्या क्रोमच्या चौकटीचेही छायाचित्र मागा. ती काच दोन्ही बाजूंना वळलेली असल्याने तिचे कोपरे वाहतुकीत सर्वांत आधी तडकतात. छायाचित्रे आली की इथेच द्या, आपण मिळून पाहू.