उघडणारा मुखवटा: क्वाक्वाकावाक्व लोकांच्या सोंगांविषयी विचारणा

झाडीचा सुतार (लाखांदूर तालुका, जि. भंडारा)

नमस्कार मंडळी. आमच्या घरी तीन पिढ्यांपासून तान्ह्या पोळ्यासाठी लाकडी नंदी घडवले जातात. दिवाळीनंतर मंडई भरते आणि गावची दंडार, म्हणजे आमच्याकडचे नाचगाण्याचे लोकनाट्य, उभी राहते, तेव्हा सोंगांचे साहित्य तयार करण्याचे कामही माझ्याकडेच येते. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर, व्हँकुव्हर बेटाचा उत्तर भाग आणि त्यासमोरील लहान बेटे येथे राहणाऱ्या क्वाक्वाकावाक्व लोकांच्या मुखवट्यांची छायाचित्रे मी पाहिली आणि त्यांनी माझी झोप उडवली. बाहेरून पक्षी दिसणारा मुखवटा नाचता नाचता दुभंगतो आणि आतून माणसाचा चेहरा प्रकट होतो.

मागील वर्षी मी तसाच एक मुखवटा सागवानात करून पाहिला. तो काट्यावर ठेवला तेव्हा साडेचार किलो भरला. तो घालून नाचणारा मुलगा दुसऱ्या दिवशी मान वळवू शकत नव्हता, आणि ऐन वेळी दोरी अडकल्यामुळे एकच पाकळी उघडली, तेव्हा लोक हसले ते वेगळेच. माझे प्रश्न असे आहेत: हे लोक एवढे मोठे मुखवटे कशाचे करतात व ते उघडतात कसे; त्यांच्या नाचात लाकडी शिट्ट्या असतात असे वाचले, त्यांचे प्रयोजन काय; आणि त्यांचा एखादा मुखवटा पाहून हुबेहूब घडवला तर चालेल काय?

बिजागरी (निवृत्त शिल्पनिदेशक, वडसा)

सुतारभाऊ, आपली अर्धी अडचण लाकडाची आहे. त्यांचे लाकूड ज्या झाडाचे, त्याला लाल सिडार म्हणतात. मराठीत अनेक जण त्याचे भाषांतर देवदार असे करतात, परंतु हिमालयातला देवदार आणि हे झाड यांचे कूळही एक नाही. वाळलेल्या लाल सिडारचे वजन घनमीटरला सुमारे ३७० किलो भरते, तर सागाचे साडेसहाशेच्या आसपास. शिवाय त्याचा रेषा इतका सरळ असतो की पाचर ठोकून फळ्या वेगळ्या करता येतात. ते कारागीर तासणीने ओबडधोबड आकार काढतात, मग पाते वाकवलेल्या सुरीने आतून कोरत जातात आणि भिंत पातळ करतात. मुखवट्याचे वजन खरे कमी होते ते या आतल्या कोरणीने. आपण बाहेरून जेवढी मेहनत घेतली असेल, तेवढी आतून घेतली नसावी, असा माझा अंदाज आहे, रागावू नये.

उघडण्याची युक्ती साधी आहे. बाहेरचा चेहरा दोन किंवा अधिक भागांत कापलेला असतो आणि प्रत्येक भाग चामड्याच्या, कापडाच्या किंवा धातूच्या बिजागरीने आतल्या चौकटीला जोडलेला असतो. प्रत्येक भागाची दोरी लाकडातल्या छिद्रातून मागे येते व नाचणाऱ्याच्या हातात जाते. पक्ष्यांच्या मोठ्या मुखवट्यांत खालची चोच अशाच दोरीवर हलते आणि लाकडावर लाकूड आपटून जो ‘खट्’ असा आवाज होतो, तो नाचाचाच भाग असतो. हुक्सहुक नावाच्या पक्ष्याची चोच हातभराहून पुष्कळ लांब असते, म्हणून असा मुखवटा पट्ट्यांनी छाती-खांद्यांना बांधतात आणि त्याचा भार मानेवर राहत नाही.

आपल्याकडे पांगारा सर्वांत हलका पडेल. शिवण त्याहून जड, परंतु टिकाऊ आहे. सावर टाळावी, कारण तिला फार लवकर कीड लागते. दोरी जिथून जाते त्या छिद्राची कड गोल घासावी आणि सुती दोरीला मेण लावावे. दोन्ही पाकळ्यांच्या दोऱ्या मागे एका कडीत बांधल्या, तर एका ओढीत दोन्ही उघडतील आणि लोकांना हसायला कारण उरणार नाही.

वऱ्हाडची लेक (मानववंशशास्त्राची अध्यापिका, अमरावती)

दादा, आपल्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी थोडे विस्ताराने देते, कारण माझ्या मते खरा प्रश्न तोच आहे.

या लोकांकडे मुखवटा एकटा कधीच नसतो. त्याच्यासोबत एक नाव, एक गाणे, एक नाच आणि पूर्वजाची एक कथा असते, आणि हे सर्व मिळून एखाद्या घराण्याचा हक्क होतो. तो हक्क वारशाने किंवा विवाहसंबंधातून पुढे जातो. ज्याच्याकडे तो नाही, त्याने तसाच मुखवटा हुबेहूब कोरला तरी त्याला तो नाच नाचता येत नाही. आपल्याकडे पोळ्याच्या तोरणाखाली मानाची जोडी कोणाची, यावरून गावे कशी अडून बसतात हे आपण जाणताच. बैल कितीही देखणा सजवला, तरी मान त्यामुळे मिळत नाही.

हे हक्क ज्या समारंभात जाहीर होतात, त्याला पॉटलॅच म्हणतात. यजमान पाहुण्यांना भरभरून भेटी देतो आणि ज्यांनी भेट स्वीकारली ते साक्षीदार ठरतात. आपल्या आहेराच्या हे जवळ जाते, फक्त येथे देणारा यजमान असतो व देण्यातूनच त्याची प्रतिष्ठा वाढते. हिवाळ्यातल्या या सोहळ्यांत सर्वांत मानाचा नाच हमात्सा होय. दीक्षा घेणारा तरुण रानात नाहीसा होतो, माणसे खाणाऱ्या एका महाशक्तीने झपाटलेला परत येतो, आणि गाण्यांनी व नाचांनी त्याला हळूहळू माणसांत आणले जाते. आधी त्याच्या अंगावर हेमलॉक झाडाच्या डहाळ्या असतात. तो शांत होत जातो तशा त्यांच्या जागी लाल रंगवलेल्या सिडारच्या सालीच्या माळा येतात. ज्या झाडाचा मुखवटा, त्याच झाडाच्या आतल्या सालीची ही माळ, आणि तिचा रंग आल्डर झाडाच्या सालीचा. मुखवटाधारी पक्षी या महाशक्तीचे सोबती मानले जातात: कावळा, वाकड्या चोचीचा पक्षी आणि बिजागरी सरांनी सांगितलेला हुक्सहुक, जो लांब चोचीने माणसाची कवटी फोडतो अशी समजूत आहे.

कॅनडाच्या सरकारला हे सर्व उधळपट्टी आणि रानटीपणा वाटले. १८८४ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि १८८५ पासून पॉटलॅच हा गुन्हा ठरला. डिसेंबर १९२१ मध्ये याच समाजातील डॅन क्रॅनमर यांनी व्हिलेज आयलंड या बेटावर मोठा पॉटलॅच केला, तेव्हा ४५ जणांवर खटले भरले गेले. भाषण करणे, नाचणे, भेटी वाटणे, असे त्यांचे गुन्हे होते. आपल्या गावाने सोंगांचे साहित्य सरकारजमा केले तर शिक्षा स्थगित होईल, असा सौदा त्यांच्यापुढे ठेवला गेला. ज्यांनी तो नाकारला ते तुरुंगात गेले. जमा झालेले मुखवटे, खुळखुळे, शिट्ट्या आणि तांब्याचे मानाचे पत्रे अलर्ट बे या गावातील चर्चच्या सभागृहात मांडले गेले आणि ते पाहण्यासाठी चक्क प्रवेशशुल्क घेतले गेले. पुढे बहुतेक वस्तू ओटावा आणि टोरांटो येथील संग्रहालयांत गेल्या, तर काही न्यूयॉर्कच्या जॉर्ज हाय या संग्राहकाने विकत घेतल्या.

१९५१ मध्ये ही बंदी कायद्यातून गळाली. १९५३ मध्ये मंगो मार्टिन या ज्येष्ठ मूर्तिकाराने व्हिक्टोरिया शहरात आपण बांधलेल्या मोठ्या घराच्या निमित्ताने उघडपणे पॉटलॅच केला. जप्त वस्तू परत मिळवण्यासाठी मात्र आणखी बरीच वर्षे झगडावे लागले. त्या ठेवण्यासाठी केप मज येथे १९७९ मध्ये आणि अलर्ट बे येथे १९८० मध्ये समाजाची स्वतःची संग्रहालये उभी राहिली. अलर्ट बेच्या संस्थेचे नाव उमिस्ता असे आहे. पूर्वी शत्रूच्या छाप्यात पकडून नेलेली माणसे सुटून घरी परतली, की त्या परतण्याला हा शब्द वापरत. तेथे परत आलेले मुखवटे काचेच्या पेटीत ठेवलेले नाहीत, कारण ते आधीच पुष्कळ वर्षे बंदिस्त होते.

म्हणून माझे मत असे की बिजागरी आणि दोरीची युक्ती आपण खुशाल शिकावी. अशा युक्त्या जगभर फिरत असतात. हमात्साचा पक्षी मात्र मंडईच्या मंचावर आणू नये.

पावा (तालुका अर्जुनी मोरगाव)

शिट्ट्यांविषयी थोडक्यात लिहितो. लाकडाचे दोन अर्धे भाग पन्हळीसारखे कोरून एकमेकांवर बसवतात आणि दोऱ्याने घट्ट बांधतात. काहींतून एकच स्वर निघतो, काहींतून अनेक. हा आवाज म्हणजे त्या शक्तीचा आवाज मानला जातो, त्यामुळे दीक्षा न घेतलेल्यांना शिट्टी दिसू देत नाहीत. ती पडद्याआडून किंवा रानाच्या बाजूने ऐकू येते. सोंग मंचावर येण्यापूर्वी त्याचा आवाज यावा, ही गोष्ट दंडारीतही साधता येईल. आमच्याकडे सोंग आधी येते आणि पेटीवाला मागाहून सूर शोधतो.

झाडीचा सुतार

सर, ताई, पावाभाऊ, आपण सर्वांनी वेळ काढून लिहिले, त्याबद्दल आभारी आहे. ताईंचे उत्तर मी दंडारीतल्या मंडळींना वाचून दाखवले. आमचे म्हातारे शाहीर म्हणाले, “आपल्या धानाच्या बांधीत सारस उतरतो, त्याले सोडून तू समुद्रापलीकडचा पक्षी कायले आणतं?” त्यांचे म्हणणे पटले. चोच सारसाचीच करतो, डोक्या-मानेला लाल रंग देतो आणि आत रोवणी करणाऱ्या बाईचा चेहरा ठेवतो. तिचे गाणे शाहीर रचणार आहेत. पांगाऱ्याचा ओंडका सांगून ठेवला आहे.

सर, एक शंका उरली. दोन्ही दोऱ्या एका कडीत बांधल्या तर पाकळ्या उघडतील हे समजले, पण त्या मिटण्यासाठी वेगळी दोरी लागेल, की बिजागरी तिरकी बसवली तर वजनानेच मिटतील?

बिजागरी

पांगारा हलका असल्यामुळे वजनावर विसंबू नये. मिटण्यासाठी वेगळी दोरी ठेवावी आणि तिच्या टोकाला गाठ मारावी, म्हणजे अंधारातही हाताला फरक कळेल. उघडताना मुलाने प्रेक्षकांकडे पाठ करून वाकावे व उघडलेला चेहरा घेऊनच वळावे.